उरलेल्यांची बुर्गी

बुर्गीला लहान मुलं सांभाळायचं काम मिळालं तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते, आणि मुलांशी काय बोलायचं असतं हे तिला मुळीच ठाऊक नव्हतं. पाळण्यातलं नाव नोटबुर्गा चिडरर. पण हिंटरगुफल या जर्मन बोलणाऱ्या डोंगरगावात एवढं लांबलचक नाव फक्त पाद्रीबुवा घ्यायचे, तेही कुणाच्या बारशाला नाहीतर मयताला. बाकी गावाला ती बुर्गी.

तिचं सगळं आयुष्य हॉटेलच्या धुलाईघरात गेलं होतं. चादरी, पलंगपोस, टॉवेल. वाफेत उभं राहून घड्या घालायच्या. तिथं कुणाशी बोलावं लागत नसे, आणि तिला ते बरंच वाटे. मग एका हिवाळ्याच्या तोंडावर हॉटेल विकलं गेलं, नव्या मालकानं धुणं खाली शहरात पाठवायचं ठरवलं आणि बुर्गी घरी बटाटे सोलत बसली. घर म्हणजे ती आणि तिचा भाऊ गेबहार्ट. दोघांचीही लग्नं राहून गेलेली. गेबहार्ट हिवाळ्यात स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टवर काम करी, उन्हाळ्यात गवत कापी, आणि चार गाईंवर जीव टाकी.

एके दिवशी इंगेनुइन आला. हा तिच्या मावसबहिणीचा मुलगा, गावातल्या स्कीशाळेचा प्रमुख. टेबलापाशी बसला, समोरचा सॉसेजचा तुकडा उचलून तोंडात टाकला आणि म्हणाला, "मावशी, सोमवारपासून माझ्याकडे ये."

"मला कुठं शिकवता येतं स्की?"

"शिकवायला माझी माणसं आहेत. तू फक्त उरलेली बघायची."

"उरलेली म्हणजे?"

"जी रडतात, जी शिकायला नको म्हणतात, जी पायात स्की घातली की बसकण मारतात. आईबाप वर डोंगरावर असतात. ते खाली येईपर्यंत पोरांना बर्फात रमवायचं, बस्स."

चुलीपाशी बसलेला गेबहार्ट खो खो हसायला लागला. "पोरं? आणि हिच्याकडे? अरे, ही कोंबड्यांवरसुद्धा खेकसते!"

बुर्गीला हसू आलं नाही. तिच्या डोक्यात तो 'रमवायचं' शब्द अडकून बसला. बर्फात रमायचं म्हणजे नेमकं काय करायचं? त्यांच्या लहानपणी बर्फ म्हणजे काम. सकाळी उठून गोठ्यापर्यंत वाट काढायची, मग झऱ्यापर्यंत, मग छपरावर चढून तिथला भार खाली लोटायचा. भावाबहिणीत मिळून स्कीची एकच जोडी, तीही शाळेत जाण्यापुरती. सकाळी कुणी घालायची यावरून मारामारी. आणि बर्फ म्हणजे भीती. ती शाळेत जात होती त्या वर्षी एका पहाटे वरच्या उतारावरून हिमलोट आला आणि अख्खा गोठा गिळून गेला. तिचे वडील झेराफिन हातांनी बर्फ उकरत होते, ते तिनं खिडकीतून पाहिलं होतं. फक्त एक गाय जिवंत निघाली. अशा वस्तूशी खेळायला लोक दूरदूरहून गाड्या भरून येतात, हे ती इतकी वर्षं बघत होती. पण का येतात ते तिला कधी उमगलं नव्हतं. विचारायचं तरी कुणाला?

सोमवारी ती गेली. गावाच्या खालच्या टोकाला पोरांसाठी कुंपण घातलेलं मैदान होतं. त्यात चूल असलेली एक लाकडी झोपडी, पोरांना चढावर नेणारा सरकता पट्टा, रंगीत कमानी, लाकडी फळीतून कापलेले पेंग्विन आणि दिवसभर वाजणारं एक गाणं. इंगेनुइननं तिला निळं जाकीट दिलं आणि सांगितलं, "गाणं लागलं की हात वर करून नाचायचं. पोरं मागोमाग नाचतात."

गाणं लागलं. बुर्गीनं हात वर केले. उरलेली पोरं तोंडं उघडी टाकून तिच्याकडे बघत राहिली. मग एकानं भोकाड पसरलं. त्याचं बघून दुसऱ्यानं. तिसरी मुलगी रडत नव्हती, पण तिला रडायला हवंसं वाटलं असावं. तिनंही सूर लावला. बुर्गीनं हात खाली घेतले. काय करावं सुचेना. तिला काही सुचेनासं झालं की तिचे हात आपोआप काहीतरी करत. तसे ते आताही करू लागले. झोपडीच्या दारात रात्रीचा बर्फ साचला होता. तिनं भिंतीला टेकवलेलं फावडं घेतलं आणि दार मोकळं करायला लागली.

थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की मागं रडणं थांबलंय. पहिला रडणारा पोरगा शेजारी येऊन उभा होता. नाकाखाली शेंबडाची रेघ गोठलेली. तो काहीतरी म्हणाला. कुठली भाषा होती देव जाणे.

"मधे मधे नको येऊ," बुर्गी म्हणाली. "उभाच राहायचं असेल तर हे घे." आणि तिनं त्याला चुलीतली राख काढायचं लहान फावडं दिलं.

दुपारपर्यंत सगळी उरलेली पोरं वाट खणत होती. झोपडीपासून कुंपणापर्यंत. तिथं पोचल्यावर आता काय म्हणून ती बुर्गीकडे बघू लागली, तेव्हा तिला दुसरं काही न सुचून ती म्हणाली, "आता गोठा." बर्फाच्या भिंती उभ्या राहिल्या. गोठा झाला तर गाई हव्यात. गाई झाल्या तर चारा हवा. पाइनच्या डहाळ्या आल्या. झोपडीच्या वळचणीला लोंबणारे बर्फाचे सुळे मोडून गाईंना सड बसवले गेले. आणि मग रोज सकाळी धार.

बुर्गी हे खोटं खोटं करत नव्हती, हीच खरी गंमत होती. तिला खोटं खोटं करता येतच नव्हतं. "गोठ्याचं दार कुणी उघडं टाकलं? गाय दरीत गेली म्हणजे?" असं ती ओरडली की पोरगं पांढरंफटक पडून दार लावायला धावे. दारही बर्फाचंच, गायही बर्फाचीच.

इंगेनुइन कुंपणावरून हे बघत होता. त्यानं तिला बाजूला घेतलं.

"मावशी, हे लोक पोरांना मजा करायला पाठवतात. मजुरीला नव्हे."

"मग काय करून घेऊ त्यांच्याकडून?"

"मजा!"

"अरे, पण म्हणजे काय करून घेऊ?"

तेवढ्यात एक जर्मन बाप मुलाला न्यायला आला आणि मुलगा गोठ्याच्या भिंतीला मिठी मारून बसला. शेण काढायचं राहिलंय म्हणून येईना. बापाला 'शेण' ऐकून धक्का बसला. पण दुसऱ्या दिवशी तोच बाप धाकट्यालाही घेऊन आला.

असे दोन हिवाळे गेले. पोरं तिला चिकटत, आणि का चिकटतात ते तिला कळत नसे. ती कुणाला जवळ घेत नसे, कुणाची पापी घेत नसे. तिचं बोलणं असं गावठी की म्युनिकहून आलेल्यांनाही अर्धंच समजे, मग बाकीच्यांचं काय? "तू त्यांना काय पाजतेस गं?" असं गेबहार्ट विचारी. "कपभर चहा," ती म्हणे, आणि स्वतःही विचारात पडे.

तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत शाळांना सुट्टी लागली तेव्हा फेन्ना आली. हॉलंडची मुलगी, पाचएक वर्षांची. आईचं नाव योरिंडे, बापाचं सीट्स. दोघंही उंच, दोघंही घाईत. वर्षातला एक आठवडा त्यांना डोंगर मिळायचा, तो त्यांना पायाखाली पुरेपूर घालायचा होता. पहिल्या लिफ्टनं वर, शेवटच्या लिफ्टनं खाली. बुर्गीनं त्यांना मनात नावं ठेवली नाहीत. हॉटेलात तिनं अशी माणसं जन्मभर पाहिली होती. वर्षभर राबतात आणि आठवडाभर धावतात.

फेन्ना रडत नसे. खणतही नसे. बर्फाच्या गव्हाणीवर बसून राही आणि कुंपणाच्या फाटकाकडे बघे. बुर्गीनं फावडं दिलं, तिनं घेतलं आणि मांडीवर ठेवलं. दुपारनंतर एकेकाचे आईबाप येऊ लागले की ती प्रत्येकाकडे बोट दाखवून काहीतरी विचारी. बुर्गीला वाटे, हा काहीतरी तिचा खेळ असेल. ती मान हलवी. फेन्ना शेवटी एकटी उरे. मग योरिंडे धापा टाकत येई, "सॉरी, सॉरी" म्हणे आणि मुलीचा हात धरून निघून जाई.

आठवड्याच्या मधल्या दिवशी जेवणं झाल्यावर धुकं उतरलं. एका बाजूनं आलं आणि बघता बघता मैदानावर असं बसलं की लाकडी पेंग्विनसुद्धा दिसेनात. वरच्या लिफ्ट बंद झाल्याचं भोंग्यावरून सांगितलं गेलं, आणि इतर दिवशी एकेक करून येणारे पालक आज घोळक्यानं फाटकाशी आले. त्या वर्षी भाड्यानं सामान देणाऱ्या दुकानानं लहानांना एकजात लाल सूट दिले होते. वर स्कीशाळेची पिवळी बंडी, डोक्यावर पेंग्विनचे डोळे काढलेलं हेल्मेट, आणि डोळ्यांवर गॉगल. आत कोण आहे ते सोलून बघितल्याशिवाय कळायचं नाही. बुर्गी चालीवरून ओळखायची. पण धुक्यात चाल कुठली दिसायला?

घोळक्यात एक म्हातारा होता. तपकिरी लांब कोट, चष्म्यावर वाफ धरलेली. "नोर?" त्यानं हाक मारली. "नोर, कुठं आहेस गं बाळा?"

एका लाल सुटानं पुढं होऊन त्याच्या हातात हात दिला.

बुर्गीनं ते पाहिलं. पोरगं आपण होऊन हात देतं म्हणजे माणूस घरचाच, एवढं साधं गणित तिनं मांडलं आणि फाटक उघडलं. दोघं धुक्यात गेली.

शेवटी मैदान रिकामं झालं. झोपडीत मेंढीच्या कातड्यावर एक लाल सूट झोपला होता. फेन्ना, बुर्गी मनात म्हणाली. नेहमीचीच शेवटची. तिनं चुलीत लाकूड सारलं आणि वाट बघत बसली.

योरिंडे आली. खाली वाकून तिनं मुलीचा गॉगल वर केला आणि ताठ उभी राहिली. "ही फेन्ना नाही."

ही बाई स्वतःचं लेकरू ओळखत नाही की काय, हा बुर्गीच्या मनात आलेला पहिला विचार. थकल्यावर माणसाचं असं होतं. ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "असं काय करता? नीट बघा तरी."

"मी नीट बघतेय! ही माझी मुलगी नाही! माझी मुलगी कुठाय?"

ओरडण्यानं पोरगी जागी झाली. भलतेच तपकिरी डोळे, भलतंच नाक. तिनं दोघींकडे पाहिलं आणि विचारलं, "ओपा?"

योरिंडे फेन्नाच्या नावानं हाका मारत बाहेर धावली; इंगेनुइन धावत आला; लिफ्टवरून गेबहार्ट आला; कुणीतरी कंदील आणले, कुणी शिट्ट्या वाजवू लागलं. धुक्यात सगळ्यांचे आवाज भलत्याच दिशांनी येत होते. बुर्गी गोठ्याकडे गेली. गोठ्यामागं पोरांनी एक बोगदा खणला होता, आणि त्याचं तोंड ढासळलेलं होतं. ते सकाळीच ढासळलं होतं की आता? तिला आठवेना. सकाळी तिनं पाहिलं होतं का? आठवेना. ती गुडघ्यांवर बसली आणि हातमोजे टाकून उकरायला लागली. फावडं चालवलं तर पोरीला लागेल, एवढंच तिला कळत होतं. तिची बोटं लाल झाली, मग पांढरी झाली.

"ओपा," मागून आवाज आला. ती दुसरी मुलगी तिच्यामागोमाग आली होती आणि तिचं जाकीट ओढत होती. "ओपा. ओपा कुठाय?"

"थांब गं," बुर्गी म्हणाली आणि उकरत राहिली.

"ओपा येणार होता मला न्यायला!"

बुर्गीचे हात थांबले. ओपा! अरे, ओपा म्हणजे आजोबाच की! आपल्या भाषेतही ओपाच आणि हिच्या भाषेतही ओपाच. एवढा वेळ हे कार्टं तिला समजेल असा एकच शब्द बोलत होतं, आणि तिनं तो परका म्हणून कानाआड केला होता. तपकिरी कोट. वाफ धरलेला चष्मा. नोर.

"तू नोर?" तिनं विचारलं.

मुलीनं मान डोलावली. त्यात काय विचारायचं, असा तिचा चेहरा.

"इंगेनुइन!" बुर्गी किंचाळली. "म्हातारा घेऊन गेला! एक म्हातारा!"

हे तिनं असं म्हणायला नको होतं. योरिंडेनं ऐकलं आणि तिचा चेहरा असा झाला की इंगेनुइननं तिला धरलं. "कोण म्हातारा? कुठला?" बुर्गीला नीट सांगता येईना. शब्द तोंडात येत आणि उलटे पडत. शेवटी गेबहार्ट नोरपुढं उकिडवा बसला आणि गाईशी बोलतो त्या हळू आवाजात विचारलं, "तुम्ही उतरलात कुठं, पोरी? घराशी काय आहे?"

इंगेनुइननं ते तिला तिच्या भाषेत सांगितलं. नोरनं विचार केला. "मेलेला प्राणी. दाराशी. दात दाखवतो."

"बिज्जू!" गेबहार्ट म्हणाला. वेंडेलिनच्या खाणावळीच्या दाराशी पेंढा भरलेला बिज्जू उभा होता. गावातल्या प्रत्येकानं लहानपणी त्याच्या तोंडात बोट घातलेलं होतं. सगळे पळत सुटले. बुर्गीनं नोरला काखोटीला मारलं आणि तीही पळाली.

खाणावळीत उबदार शांतता होती. खिडकीपाशी म्हातारा बसला होता. समोर लाल सूट, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, आणि पुढ्यात गोड धिरड्याच्या फाडलेल्या तुकड्यांची थाळी. म्हातारा तिला आपल्या कबुतरांबद्दल काहीतरी सांगत होता आणि लाल सूट काट्यानं एकेक तुकडा आलुबुखाराच्या मुरंब्यात बुडवून गॉगलखालून तोंडात घालत होता.

"ओपा!" नोर ओरडली.

म्हाताऱ्यानं दाराकडे बघितलं. मग समोर बघितलं. मग परत दाराकडे.

"नोर तू?" तो म्हणाला. "मग मी इतका वेळ कुणाशी बोलतोय?"

योरिंडेनं एका उडीत टेबल गाठलं आणि गॉगल वर सारला. फेन्नाच होती. आईनं तिला छातीशी धरलं, मग गदागदा हलवलं, मग पुन्हा धरलं. फेन्नाच्या हातातला काटा तसाच होता.

म्हातारा उभा राहून हातवारे करत होता. त्याचं नाव आखील. बेल्जियमचा, पण भाषा फेन्नाचीच. मुलगा-सून वर डोंगरावर, आणि हा कालच आलेला. नातीला दोन वर्षांनी बघत होता. "हेल्मेट काढ म्हटलं तर म्हणाली थंडी वाजते. मी म्हटलं, आजकालची पोरं, असेल बाबा तसं काही. नाव घेतलं की मान डोलवायची. मी काय करणार? चष्मा पुसत पुसत आलो मी..."

"तू का गेलीस यांच्याबरोबर?" योरिंडे मुलीला विचारत होती. तिची भाषा बुर्गीला पुरती कळत नव्हती, पण इंगेनुइन तिच्या कानाशी हळूच सांगत होता.

"ते न्यायला आले," फेन्ना म्हणाली.

"पण हे काही तुझे आजोबा नाहीत!"

"माहितेय."

"मग?"

फेन्नानं काट्याचं टोक थाळीवर फिरवलं. "ते लवकर आले."

मग योरिंडे एकदम बुर्गीकडे वळली. "आणि तुम्ही! कुणीही यावं आणि माझी मुलगी उचलून न्यावी? काय करता तुम्ही तिथं दिवसभर?"

"तिनं हात दिला," बुर्गी पुटपुटली.

"काय म्हणाल्या?"

"तिनं... आपणहून हात दिला."

योरिंडेला ते समजलं नाही, आणि या खेपेला इंगेनुइननं ते सांगितलं नाही. तेवढ्यात सीट्स आला. वर लिफ्टच्या पाळण्यात अडकला होता. भुवयांवर बर्फ चिकटलेला. चौघांनी एकदम चार तऱ्हांनी त्याला हकीकत सांगितली. त्यातलं त्याला एवढंच समजलं की मुलगी हरवली होती आणि या म्हाताऱ्यापाशी सापडली. त्यानं आखीलचा हात दोन्ही हातांत धरला आणि डोळ्यांत पाणी आणून आभार मानले. आखीलनं आधी योरिंडेकडे पाहिलं, मग इंगेनुइनकडे. मग काय करणार, त्यानं आभार घेऊन टाकले आणि वेंडेलिनला सगळ्यांसाठी नाशपातीची दारू आणायला सांगितली.

बुर्गी तशीच घरी आली. जाकीट काढून खुंटीला लावलं. गेबहार्टनं कोमट पाण्याचं घमेलं आणून तिचे हात त्यात घातले.

"उद्यापासून मी जात नाही," ती म्हणाली.

"का?"

"चूक झाली."

"झाली खरी."

"पण गेबहार्ट, तिनं हात दिला रे. ओळख नसलेल्या माणसाला. मला अजून समजत नाही. मी तिच्या जागी असते तर..." ती थांबली. ती तिच्या जागी असती तर काय केलं असतं, हे तिनं कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

"पाण्यात बोटं हलव," गेबहार्ट म्हणाला.

सकाळी ती जाकीट परत करायला गेली. इंगेनुइनच्या भोवती पालकांचा गराडा, दोन शिक्षक तापानं आडवे. त्यानं जाकिटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, रात्री मीही डोकं धरून बसलो होतो. चूक तुझी तेवढीच माझी. आजपासून गॉगल वर करून तोंड बघितल्याशिवाय पोर द्यायचं नाही, एवढं ठरलंय. आता जाकीट घाल. उरलेली आली."

आणि फाटकातून योरिंडे आली. फेन्नाचा हात धरून. फेन्नाला आत सोडून ती गेली मात्र नाही. तिनं फाटक आतून लावून घेतलं.

"मी आज इथंच थांबणार," ती पुस्तकी जर्मनमध्ये म्हणाली.

आपल्यावर पहारा ठेवायला, बुर्गीला वाटलं. ठेवू दे. तिचं चुकलं काय? बुर्गी ताठ मानेनं कामाला लागली. पण दर दोन मिनिटांनी तिची नजर त्या दोघींकडे जाई. मायलेकी समोरासमोर उभ्या होत्या. योरिंडेनं बर्फाचा गोळा करून फेन्नाकडे टाकला. तो फेन्नाच्या पोटावर आपटून पडला. फेन्नानं खाली बघितलं. योरिंडेनं हसून दाखवलं. मग तिचं हसू विझलं. आपल्या मुलीशी काय करावं हे त्या बाईला कळत नाही, हे बुर्गीच्या हळूहळू ध्यानात आलं, आणि तिला मोठं नवल वाटलं. आईला तरी हे येत असेल अशी तिची इतकी वर्षं समजूत होती.

थोड्या वेळानं योरिंडे जवळ आली. कालचा आवाज राहिला नव्हता. "तुम्ही यांना कसं रमवता?"

"मला माहीत नाही," बुर्गी म्हणाली. हे उत्तर ऐकून ही बाई पुन्हा ओरडेल असं वाटून ती घाईघाईनं पुढं म्हणाली, "पण धारा राहिल्यात. त्या कोपऱ्यातल्या गाईची अजून कुणी काढली नाही."

योरिंडेला 'गाय' तेवढं समजलं असावं. ती गोंधळून इकडेतिकडे बघू लागली. तेव्हा फेन्ना पुढं झाली. गेले सगळे दिवस एका गाईला हात न लावलेली फेन्ना. तिनं आईला गोठ्यात नेलं, वाकायला लावलं आणि एकेका गाईकडे बोट दाखवून नाव सांगितलं. सगळी नावं बरोबर. पोरांनी ठेवलेली ती नावं बुर्गीनं तिला कधी शिकवली नव्हती. पोरं आपसांत बोलताना तिनं ऐकली असणार. मग तिनं आईचे हात धरून बर्फाच्या सडांवर ठेवले.

"हळू," ती म्हणाली. "तिला दुखतं."

योरिंडे तशी वाकून धार काढत राहिली. बराच वेळ. तिचे खांदे हलत होते; हसत होती की रडत होती, ते गोठ्याबाहेरून कळत नव्हतं आणि बुर्गी आत गेली नाही.

त्यानंतरच्या दिवशी योरिंडे पुन्हा डोंगरावर गेली. मुलीला न्यायला मात्र दुपारीच आली. तिनं माफ केलं की नाही, याचा थांग बुर्गीला लागला नाही. निघताना तिनं बुर्गीच्या हातात त्यांच्याकडच्या काळ्या ज्येष्ठमधाच्या गोळ्यांचा डबा ठेवला. घरी गेबहार्टनं एक तोंडात टाकली आणि थुंकून टाकली. "मीठ! गोळीत मीठ! ही भेट आहे की सूड?"

"तेच तर कळत नाही," बुर्गी म्हणाली.

आखील मात्र उरलेले सगळे दिवस नोरला घेऊन येत राहिला. नोर खणे, तो बाकावर बुर्गीशेजारी बसे आणि आपल्या भाषेत बोले. बुर्गी आपल्या भाषेत उत्तर देई. दोघांना निम्मंनिम्मं समजे, आणि उरलेल्या निम्म्याचं कुणाला वाईट वाटत नसे. शेवटच्या दिवशी त्यानं काहीतरी लांबलचक विचारलं, अगदी मनापासून. माणूस इतक्या मनापासून विचारतोय तर नाही कसं म्हणायचं? बुर्गी "हो" म्हणाली. आखीलचा चेहरा उजळला. त्यानं तिचा हात जोरजोरात हलवला आणि तो बसमध्ये चढला.

"तू कशाला हो म्हणालीस?" गेबहार्टनं विचारलं.

"कोण जाणे."

"लग्नाचं विचारलं असेल तर?"

"गप रे मेल्या!" ती म्हणाली, पण वसंतभर तिच्या मनाला चुटपुट लागून राहिली.

जुलैमध्ये, गवतकापणीच्या पहिल्याच आठवड्यात दारात गाडी उभी राहिली. आतून आखील उतरला, गवताची टोपी घालून, आणि त्याच्यामागून नोर. गेबहार्टनं दार उघडलं, दोघांकडे बघितलं आणि आत वळून ओरडला, "बुर्गे, तू हो म्हणालीस ते आलं गं!"

हळूहळू उलगडलं ते असं. नोरला खऱ्या गाई बघायच्या होत्या. उन्हाळ्यात येऊ का, गवतकापणीला हात लावीन, असं त्यानं विचारलं होतं. गेबहार्टनं त्याच्या हाती दाताळं दिलं आणि त्याला उतारावर नेलं. सपाट मुलखातला माणूस. पहिल्याच ओळीत तो गवतासकट खाली घसरला आणि कुंपणाला जाऊन अडकला. गेबहार्ट इतका हसला की त्यालाही खाली बसावं लागलं.

इकडं नोर गोठ्यात जाऊन परत आली. मधल्या महिन्यांत ती थोडं जर्मन शिकली होती. "गाई कुठायत?"

बुर्गीनं कपाळावर हात मारला. गाई जूनमध्येच वरच्या कुरणावर गेल्या होत्या, शरद येईपर्यंत तिथंच. "वर," तिनं डोंगराकडे बोट दाखवलं. "उद्या जाऊ चालत."

"आणि आज?"

बुर्गीनं अंगणाकडे बघितलं. हिरवं, कोरडं, ऊन पडलेलं. बर्फाचा मागमूस नव्हता. अशा दिवसात लहान पोराचं काय करतात हे तिला खरोखरच माहीत नव्हतं. ती उंबऱ्यावर बसली. नोर शेजारी बसली, बूट काढून पाय पसरले आणि विचारलं, "तू लहान होतीस तेव्हा काय करायचीस?"

"मी?" बुर्गी म्हणाली, आणि आठवू लागली.